तुमचं कोण आहे यात?

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचा पुरुषोत्तम करंडक कुणालाच मिळाला नाही. करंडकाच्या तोडीची एकांकिकाच नाही, असं परीक्षकांचं मत पडलं. मग काय, आमच्या सकाळच्या कट्ट्यावर रण पेटलं. आजच्या पोरांना लिहिताच येत नाही, असं एकानं ठणकावलं. दुसऱ्यानं परीक्षकांची अक्कल काढली. मी दोघांनाही विचारलं, त्यातली एक तरी एकांकिका पाहिलीत का? कुणीच पाहिली नव्हती.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. नोकरीत असताना आंतरबँक स्पर्धांत कामं केली. बहुधा इन्स्पेक्टरची, कारण मला मिशा होत्या. आता फक्त बघतो. महाराष्ट्रीय कलोपासक ही पुरुषोत्तमची स्पर्धा १९६३ पासून भरवतंय. ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी सुरू झाली की माझ्या संध्याकाळी तिकडेच जातात. शेजारी बसलेली मुलं हमखास विचारतात, “काका, तुमचं कोण आहे यात?” कुणीच नाही म्हटलं की त्यांना खरं वाटत नाही. प्रेक्षागृहात प्रतिस्पर्धी कॉलेजं, कलाकारांचे आईबाप आणि परीक्षक सोडून कुणी असू शकतं, हे त्यांच्या हिशेबातच नसतं.

हीच माझी तक्रार आहे, आणि ती मुलांबद्दल नाही.

मागे एक एकांकिका पाहिली. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतली दोन मुलं, एक टेबल, एक ट्यूबलाइट. त्यातला एक गावाकडे वडिलांना फोन करतो, निकाल लागायचाय म्हणून सांगतो. निकाल केव्हाच लागलेला असतो. असे तीन फोन. पहिल्या वेळी प्रेक्षक हसले. दुसऱ्या वेळी वडील नुसतं कापसाच्या भावाबद्दल बोलत राहिले. तिसऱ्या वेळी पोरानं खोटं बोलायच्या आतच वडील म्हणाले, लागायचाच असेल अजून. बस्स. बापाला सगळं ठाऊक आहे, हे लिहिणाऱ्यानं एका वाक्यानंही समजावून सांगितलं नाही. विशीतल्या लेखकाला कुठे थांबायचं हे इतकं अचूक कळावं! ती एकांकिका आणखी दोन-तीन स्पर्धांत झाली असेल, पुढे तिचं नाव ऐकलं नाही.

सगळ्याच अशा नसतात, हेही सांगतो. शेवटच्या पाच मिनिटांत एक मृत्यू, निळा प्रकाश, कर्कश संगीत आणि सगळ्यांनी मिळून केलेला आक्रोश, हा साचा मला आता पहिल्या प्रवेशातच ओळखू येतो. पण स्पर्धेसाठी लिहिलं की परीक्षकांना दिपवावंसं वाटणारच. तिकीट काढून आलेला, कुणाचाच काका नसलेला प्रेक्षक समोर असेल, तर लेखक वेगळं लिहील.

आपल्याकडे एकांकिकेचं कौतुक होतं ते ती मोठी झाली की. देवेंद्र पेम यांचं ‘ऑल द बेस्ट’, प्रताप फड यांचं ‘अनन्या’, प्राजक्त देशमुख यांचं ‘देवबाभळी’ ही सगळी आधी एकांकिका होती. ‘देवबाभळी’ मला फार आवडतं. तुकोबांची आवली आणि लखूबाई होऊन तिच्या घरी आलेली रखुमाई, दोनच बायका, आणि विठ्ठलावरचा दोघींचा राग. त्या नाटकासाठी देशमुखांना २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. पण प्रत्येक एकांकिकेनं दोन अंकी व्हायलाच हवं का? प्रेमानंद गज्वींचं ‘घोटभर पाणी’ बघा. दोन नट आणि एक घोट पाणी, एवढ्यात जातीची सगळी उतरंड उभी राहते. ती एकांकिकाच राहिली आणि गावोगाव होत राहिली. तिला मध्यंतर दिलं असतं तर प्रेक्षक बटाटेवडा खाऊन शांत झाले असते.

महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ १९६७ मध्ये ‘सत्यकथा’ मासिकात छापून आली, दिग्दर्शिका विजया मेहतांनी ती वाचली आणि पुढचा इतिहास घडला. आज तशी एकांकिका कुठे छापायची? दिवाळी अंकांत कथा, कविता, राशिभविष्य असतं, एकांकिका क्वचितच. संपादकांनी फार नाही, अंकात एक छापावी. नाट्यसंस्थांनीही एका तिकिटावर दोन नव्या एकांकिका लावून पाहाव्यात. हिराबागेतल्या श्रीराम लागू रंग-अवकाशासारखी छोटी जागा त्याला पुरते. मोठं नाट्यगृह भरण्याची धास्ती नको. नेपथ्यही फारसं लागत नाही.

आणि तुम्ही या. मुंबईकरांना तर चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा आहे. २५ जानेवारीला रात्री सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका तिथे एकापाठोपाठ एक होतात. सोबत शाल घ्या, एसी फार असतो. आवडलेल्या एकांकिकेचा लेखक नंतर बाहेर चहाला भेटतो. त्याच्याशी जरूर बोला. फक्त ‘याचं दोन अंकी कधी करताय?’ एवढं विचारू नका.