तणाचं बी खाई कोण?

‘तण खाई धन’ ही म्हण शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांनाच पाठ असते. तणाचं बी खाणारंही कोणी आहे, हे मात्र आपल्या हिशेबात येत नाही. खरीप निघाला की बांधावरचं वाळलं गवत पेटवायचं, उरलंसुरलं तणनाशकानं मारायचं आणि बांध ‘स्वच्छ’ झाला म्हणायचं, अशी रीत पडली आहे. माझ्या मते या स्वच्छतेत फुकटची खुरपणी जळून जाते.

कुर्डूचं काळं चकचकीत बी गळतं तेव्हा ते मातीच्या वर पडलेलं असतं. खाणाऱ्यांना संधी मिळते ती तेवढीच. नांगर फिरला की बी त्यांच्या आवाक्याबाहेर जातं. ठिपकेवाली मुनिया गवताच्या काडीला लटकून दाणा चोचीत सोलते, होला आणि चंडोल खाली पडलेलं वेचतात. मुंग्या तर बी वाहूनच नेतात. वारुळाच्या तोंडाशी पडलेलं टरफलांचं कडं हा त्याचा पुरावा. ब्रिटनमधल्या 257 शेतांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीवर धावणारे भुंगेरे जिथे जास्त, तिथे मातीतल्या तणबियांच्या साठ्यात भर कमी पडते, असं त्यात दिसलं. मुंगी असो की भुंगेरा, त्यांना न नांगरलेली जागा लागते, आणि शिवारात ती बांधाशिवाय उरली आहे कुठे?

पाखरं ज्वारीही खातात, हे खरंच. पण त्यासाठी कणसात दाणा भरताना राखण करावी. वर्षभर बांध उजाड ठेवायचं ते कारण नव्हे. पाखरांच्या विष्ठेतून तण पसरतं, हा आक्षेप घाणेरीची फळं गिळणाऱ्या बुलबुलाला लागू पडतो. होल्याच्या पोट्यात मात्र खड्यांबरोबर दाण्याचं बहुधा पीठच होतं. आगीनं बी मरतं म्हणावं, तर भेगेत पडलेलं वाचतं आणि खाणारे तेवढे परागंदा होतात. लव्हाळा आणि हराळी गाठी-मुळ्यांतून फुटतात, तिथे पाखरू काय करणार? गाजरगवतही फुलण्याआधी उपटावंच लागेल. बी खाणारे खुरप्याची जागा घेत नाहीत, खुरप्याचं काम हलकं करतात.

म्हणून बांध पेटवू नये, वाढलेलं गवत विळ्यानं टप्प्याटप्प्यानं कापावं आणि रब्बी घ्यायची नसेल तिथे नांगरट काही आठवडे लांबवावी. बांध कोरून फार तर एखादं तास वाढतं. त्या बांधावर पोसलेली तोंडं जे काम करत होती, ते पुढं मजुरी मोजून करून घ्यावं लागतं.

– शिवारकर