चूळ भरून किटण जात नाही

आमच्या सोसायटीच्या फलकावर या आठवड्यात एक पत्रक झळकलं. पाण्याच्या टाकीत अमुक द्रव ओता, अर्धा तास थांबा, ९९.९ टक्के जंतू खलास. माणूस उतरवून घासायची गरजच नाही. ‘तुमचं ब्रशचं खूळ आता पुरे’ असं मागच्या वेळी कळवणाऱ्या वाचकांना आनंद झाला असेल. त्यांनी जरा लेव्हेनहुककडे यावं.

हा डेल्फ्टचा कापडव्यापारी. १६८३ साली त्यानं दातांवरचं किटण भिंगाखाली धरलं. मग कडक व्हिनेगरनं खळखळून चूळ भरली, पाण्यानं तोंड धुतलं आणि पुन्हा पाहिलं. किटणात असंख्य जीव शाबूत! पुढे त्यानं पाण्यात कालवलेल्या किटणात थोडंसं व्हिनेगर टाकलं, तर सगळे जागच्या जागी मेले. जीव तेच, मारा तोच. व्हिनेगरनं वरचे मारले, आत ते शिरलंच नाही, हे त्यानं लिहूनही ठेवलं. पत्रकातला आकडा बऱ्याचदा त्या कालवलेल्या किटणाच्या जातीचा असतो, म्हणजे पाण्यात सुट्या तरंगणाऱ्या जंतूंवर मोजलेला. आपल्या टाकीची भिंत म्हणजे दात.

भिंतीला टेकलेला जंतू सुरुवातीला सुटूही शकतो. पकड बसली की मात्र तो स्वतःभोवती चिकट गिलावा करतो: शर्करांच्या लांब साखळ्या, प्रथिनं, मेलेल्या भाऊबंदांचा डीएनएसुद्धा. हीच बायोफिल्म, हाताला लागणारा तो बुळबुळीत थर. क्लोरीन या गिलाव्याशीच झुंजत खर्ची पडतं. तळाशी पोचेपर्यंत त्यात दम उरत नाही. प्रतिजैविकांची अडचण निराळी. बरीचशी आत पोचतात, पण तळाचे उपाशी जंतू जवळजवळ झोपलेले असतात आणि बहुतेक औषधं वाढणाऱ्यालाच मारतात. म्हणून तर थर धरलेली कॅथेटर डॉक्टर अनेकदा सरळ काढून टाकतात. आणि ९९.९ टक्क्यांचं कौतुक कशाला? दहा कोटींतले लाखभर उरले, तर थर पुन्हा धरायला ते पुष्कळ झाले.

टाकी घासायला नारळाच्या काथ्याला तोड नाही, हेही माझं जुनंच मत. पुरावा मागू नका, नाही. सोसायटीच्या समितीला काथ्या गावंढळ वाटत असेल तर नायलॉनचा ब्रश आणा, पण आधी घासा, गाळ उपसून टाका आणि मगच क्लोरीन घाला.