बऱ्या झालेल्या मुलांचे कागद

लहानपणीं कर्करोग जडलेलें मूल बरें झालें, कीं घरांत आनंदीआनंद होतो आणि इस्पितळाचे कागद माळ्यावर जातात. आनंद योग्यच आहे. पण कागद दृष्टीआड होणें आम्हांस घातक वाटतें. रोग गेला तरी उपचारांचे परिणाम शरीरांत राहूं शकतात. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधानें दुखावलेलें हृदय कधीं कधीं कित्येक वर्षांनीं दगा देतें. गळ्यावर वा छातीवर किरणोपचार झालेल्यांस पुढें थायरॉईडचा विकार किंवा नवा कर्करोगही होऊं शकतो. हें जाणूनच परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानें अशा बऱ्या झालेल्या मुलांसाठीं १९९१ सालीं निराळा तपासणी-विभाग सुरू केला.

परंतु मुलगा नोकरीस लागतो, मुलगी सासरीं जाते आणि तपासणी सुटते. लग्न अडेल या धास्तीनें कित्येक आईबाप रोगाचें नांवही मुलांस कळूं देत नाहींत. ही भीति खोटी नव्हे. पण ज्यास आपला रोग व औषधें ठाऊक नाहींत, तो उद्यां डॉक्टरांस काय सांगणार? म्हणून पालकांस आमची विनंति, कीं मूल जाणतें होतांच कागद त्याच्या हातीं द्यावे व डॉक्टर सांगतील त्या मुदतीनें तपासणीस जाण्याची संवय लावावी. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कोणी असा असेल, तर त्यानें ते कागद आपणहून मागून घ्यावे.