गोण्या कोणी उचलायच्या?

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठचे दृश्य पाहून कोणाही श्रद्धावंताची मान खाली जावी. आदल्या रात्री जिला निरोप देताना डोळे पाणावले, तीच मूर्ती सोंड मोडलेल्या अवस्थेत गाळात आडवी पडलेली असते. शाडू पाण्यात विरघळतो, प्लॅस्टर ऑफ पॅरिस विरघळत नाही, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. अशा वेळी शे-दोनशे तरुण झाडू आणि घमेली घेऊन घाटावर उतरतात, ही समाधानाची गोष्ट आहे. त्यांच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो पुढच्या चार तासांचा.

पहिला तास उत्साहाचा असतो. बाटल्या, हार, मखरांचे तुकडे भराभर गोळा होतात. मग गाळात रुतलेले कापड हाती लागते. ते ओढताच काळे, कुजके पाणी अंगावर येते. कुठे वापरलेले डायपर, तर कुठे इंजेक्शनची सुई. येथे हात आखडतात. गर्दी नकळत पुन्हा बाटल्यांकडे सरकते, फलकासमोर छायाचित्र निघते आणि दुपारच्या आत घाट रिकामा होतो. मागे उरतो तो कठड्याला टेकवलेल्या गोण्यांचा ढीग. तो नेण्यासाठी पालिकेची गाडी कोणी बोलवायची, हे आधी ठरलेलेच नसते. रात्री कुत्री गोण्या फाडतात, परतीच्या पावसाची एक सर येते आणि सकाळी उचललेले सारे पुन्हा नदीच्या स्वाधीन होते.

स्वयंसेवकांनी जे टाळले, ते शेवटी पालिकेचा सफाई कामगार उचलतो. तो बहुतेक वेळा कोणत्या वस्तीतून येतो, हे सांगण्याची गरज नसावी. हिंदू समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे काम ठरावीक जातींच्या माथी मारले. समरसतेची भाषा बोलणाऱ्यांच्या श्रमदानातही हलका कचरा आपल्याकडे आणि किळसवाणा त्याच्याकडे अशीच वाटणी होणार असेल, तर त्या श्रमदानाने समाजातले नेमके काय बदलले? अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात शौचकूप सफाईचे काम मागून घेण्यासाठी अन्नत्यागाचा मार्ग धरला होता. हे काम उच्चवर्णीयाचे नव्हे, असे तुरुंगाधिकाऱ्यांचे म्हणणे होते! गाडगेबाबा गावात शिरत ते खराटा घेऊनच. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम. आज आधी भाषण, मग झाडू, असा उलटा क्रम रूढ झाला आहे.

याला सन्माननीय अपवादही आहेत. 2015 पासून पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या 'निर्मल वारी' उपक्रमात कार्यकर्ते पहाटेच्या अंधारात उभे राहून माउलींना फिरत्या शौचालयांकडे वळण्याची विनंती करतात. या कामात मिरवण्यासारखे काही नाही, दुर्गंधी मात्र भरपूर आहे. परंतु टाक्या कधी आणि कोठे रिकाम्या करायच्या, याचा विचार तेथे पालखी येण्यापूर्वीच करावा लागतो. नदीकाठच्या मोहिमांत नेमके हेच राहून जाते.

राहून जाते ते आणखीही काही. जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने बळी घेतले. दूषित पाण्यात उतरणाऱ्याच्या पायाची साधी जखमही त्या रोगाला पुरेशी असते. तरीही अनवाणी मुलांना गाळात उतरवणारे उत्साही आयोजक दिसतातच. गमबूट, जाड हातमोजे आणि धनुर्वाताची लस यांचा खर्च ढोलताशांच्या सुपारीपुढे किरकोळ आहे. गणेश मंडळांनी वर्गणीतून तो बाजूला काढावा. मोहिमेची तारीख ठरवण्याआधी पालिकेच्या आरोग्य खात्याकडून गाडीची वेळ लेखी घ्यावी. आणि शेवटची गोणी गाडीत चढेपर्यंत निदान दहा कार्यकर्त्यांनी घाट सोडू नये. छायाचित्र त्यानंतर काढावे, त्यात गाडीवरच्या कामगारांनाही उभे करावे.