ज्ञानस्नान, मुळुक्कु आणि बाप्तिस्मा

बाप्तिस्मा देताना मस्तकावर पाणी शिंपडावे, ओतावे, की दीक्षार्थीला पाण्यात बुडवून काढावे, हा ख्रिस्ती पंथांतील जुना वाद. तो धर्मशास्त्राचा विषय समजून भारतीय साहित्याचे अभ्यासक सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. तंजावरपुरते तरी हे औदासीन्य समर्थनीय नाही. तेथे हा वाद शब्दांतच मुरलेला आहे.

तमिळ प्रॉटेस्टंटांचा रूढ शब्द ‘ज्ञानस्नानम्’. या संस्कृत समासात पाणी किती, याचा बोध होत नाही. कॅथलिकांनीही तो दीर्घकाळ वापरला. आता त्यांच्यात ‘तिरुमुळुक्कु’, म्हणजे पवित्र बुडी, हा शब्द रुळला आहे. गंमत अशी की, या बुडीत सामान्यतः मस्तकावर पाणी ओतले जाते. आणि खरोखर बुडीचा आग्रह धरणाऱ्या पेंटेकोस्टल मंडळींना मात्र ‘मुळुक्कु ज्ञानस्नानम्’ असा जोडशब्द करून शिंपणीवाल्यांपासून आपले वेगळेपण दाखवावे लागते.

मराठी बायबलने मूळ ग्रीक शब्दच ‘बाप्तिस्मा’ या रूपात ठेवला. या धोरणात सोय होती. बॅप्टिस्ट मिशनऱ्यांच्या बंगाली नव्या करारात बुडीचा अर्थ देणारा शब्द आला, म्हणून १८३०च्या दशकात बायबल सोसायटीने त्याला साहाय्य नाकारले होते. परका शब्द सर्व पंथांना चालतो, कारण तो कोणाचीच बाजू घेत नाही. पण त्यामुळे स्नान, बुडी, अभिषेक या आपल्या शब्दांची परीक्षा होण्याची संधी मराठीने गमावली, असे म्हणणे भाग आहे.

तथापि पाण्याच्या परिमाणापेक्षा बिकट प्रश्न निराळाच होता. रोमन विधीत दीक्षार्थीच्या कानाला व नाकाला पुरोहिताची थुंकी लावली जाई. तंजावरचा प्रदेशही ज्यात मोडे, त्या मदुरा मिशनमधील जेसुइटांनी हे अंग गाळले. तमिळ ‘एच्चिल्’ या एकाच शब्दात थुंकी आणि उष्टे दोन्ही येतात. मराठी वाचकाला याहून अधिक स्पष्टीकरण नको. १७०४ साली पाँडिचेरी येथे पोपचे प्रतिनिधी तूर्नों यांनी हे गाळणे निषिद्ध ठरविले, आणि वाद १७४४ पर्यंत रोमला पुरला. भाषांतरात काय वगळता येते, हाच तो प्रश्न होय; फरक इतकाच की, येथे संहितेच्या जागी माणसाचा देह होता.

शिवाय कोणाला हा संस्कार द्यावा, हेही होतेच. तंजावरची एक मराठी ब्राह्मण विधवा एका इंग्रज अधिकाऱ्यासोबत राहत होती. तिने बाप्तिस्मा मागितला, पण हा संबंध विवाहाचा नाही म्हणून मिशनरी श्वार्ट्झ यांनी तो नाकारला. अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर, १७७८ मध्ये, त्यांनीच पाळैयंकोट्टै येथे तिला ‘क्लॅरिंडा’ या नावाने दीक्षा दिली. श्वार्ट्झ यांची मोठी योग्यता मान्य करूनही एक गोष्ट खटकते. संबंध दोघांचा होता. त्या इंग्रजाला ख्रिस्ती म्हणवून घेण्यास कोणाची आडकाठी नव्हती. अडले ते तिचे.

पाळैयंकोट्टैचे १७८५चे चर्च तिने उभारलेले आहे. तिच्यावर कादंबरीही आहे. ती १९१५ साली अ. माधवय्या या तमिळ लेखकाने लिहिली, आणि तीही इंग्रजीत.