सूज पाहू नका, श्वास पाहा

साप म्हटला की सारा गाव धावतो. मधमाशी चावली म्हटले की सारे हसतात. नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या कोरीटसारख्या गावात शिवारात राबणाऱ्याला मधमाशी वा गांधीलमाशी चावणे नवलाचे नाही. कोणी चुना लावतो, कोणी लोखंड घासतो. दोन दिवसांत सूज उतरते आणि श्रेय चुन्याला जाते! माझे म्हणणे एवढेच, की चावलेल्या जागेपेक्षा चावलेल्या माणसाकडे पाहायला आपण शिकले पाहिजे.

मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसह कातडीत राहतो आणि माशी उडाल्यावरही विष आत ढकलीत असतो. त्या वासाने इतर माश्या खवळतात. म्हणून आधी तेथून दूर पळावे. काटा नखाने, चिमटीने, जमेल तसा लगेच काढावा. मग जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी.

बहुतेकांना एवढे पुरते. पण काहींच्या शरीराला या विषाचे वावडे असते. माशी चावते हाताला आणि गांधी उठतात अंगभर! ओठ व जीभ सुजते, घसा आवळतो, दम लागतो, उलटी होते, भोवळ येते. हे काही मिनिटांतही घडते. फ्रेंच शास्त्रज्ञ पोर्तिए व रिशे यांनी १९०२ साली अशा प्रतिक्रियेला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले. तिच्यावर पहिला उपाय म्हणजे मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. साधी ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णाला चालवू नये. निजवून पाय उंच ठेवावेत, दम लागत असल्यास बसवावे आणि १०८ ला फोन करावा. आग्या मोहोळाच्या पुष्कळ माश्या चावल्या, तर वावडे नसले तरी दवाखाना गाठावाच. त्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. “शिकून आम्हाला काय सांगशील?” असे घरचे विचारतात. मला वाटते, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, खड्डे खणतो, तशी एक संध्याकाळ याही माहितीला द्यावी. जवळच्या आरोग्य केंद्रात हे इंजेक्शन आहे का, हेही विचारून ठेवावे. मित्रहो, माशी चावल्यावर चौकशी करायला वेळ उरत नाही.