रझाकार कोण होते?

मागच्या पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाण्यात बसलो होतो. शेजारी लातूरकडच्या पोरांचा घोळका होता. गप्पा सुरू झाल्या, त्यांनी नाव विचारले. ऐकताच एक जण हसून म्हणाला, "म्हणजे रझाकारच की!" चेष्टाच होती ती. पण परतताना बरोबरच्या भाच्याने विचारले, "मामू, रझाकार म्हणजे काय?"

आपल्या घरांत हे उत्तर टाळले जाते. रझाकार म्हणजे स्वयंसेवक. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊ नये म्हणून मजलिसे इत्तेहादुल मुसलमीनने पोसलेले हे खासगी सशस्त्र दल. म्होरक्या कासीम रझवी, लातूरचा वकील. निजामाचे स्वतःचे सैन्य निराळे होते. रझाकारांना ना त्याची शिस्त, ना कायद्याचा धाक. १९४७-४८ मध्ये त्यांनी मराठवाड्यातली गावे लुटली, जाळली, माणसे मारली, बायकांवर अत्याचार केले. लोक घरदार सोडून सोलापूरकडे पळाले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य शिरले, १७ तारखेला निजाम शरण आला आणि हे दल संपले.

इथे आपण लगेच 'पण' लावतो. पोलीस ॲक्शननंतर सामान्य मुसलमानांचे शिरकाण झाले, हे खरेच आहे. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड जिल्ह्यांत सर्वाधिक. अहवाल कित्येक दशके दडपून ठेवला गेला. त्याबद्दल बोललेच पाहिजे. मात्र रझाकारांचा विषय निघाल्यावरच तो आठवत असेल, तर आपण मेलेल्यांची ढाल करतो आहोत.

बोस्नियाबद्दल आपण असे करत नाही. तिथल्या सर्ब सैन्याची द्रिना कोअर नोव्हेंबर १९९२ मध्ये उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडली. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिकात सुमारे आठ हजार मुस्लिम पुरुष आणि मुले मारली गेली, त्यात या कोअरचा हात होता. हेगच्या न्यायालयाने तिचा सेनानी रादिस्लाव क्रस्तिच याला शिक्षा दिली. सर्ब जमातीला नव्हे. सारायेव्होच्या बचावासाठी लढलेला जनरल योव्हान दिव्याक सर्बच होता, हेही विसरू नये. क्रस्तिचचा हिशेब सगळ्या सर्बांकडे मागणे चूक असेल, तर रझवीचा हिशेब माझ्या भाच्याकडे मागणेही चूकच. हे त्या पोराला ठणकावून सांगायचे, तर आधी रझवीला आपला म्हणून पाठीशी घालणे सोडावे लागेल. त्याच्यावर खटला चालला, तो येरवड्यात राहिला आणि १९५७ मध्ये सुटताच पाकिस्तानात निघून गेला. त्याच्या करणीचे परिणाम भोगायला बाकीचे इथेच राहिले.

आणि दिव्याकसारखा माणूस आपल्याकडेही होता. शोएबुल्ला खान, हैदराबादच्या 'इम्रोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे तो उघड लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्याच्यावर हल्ला झाला. लिहिणारा हात तोडला, जीव घेतला.

भाच्याने रझवीचे नाव कुठेतरी ऐकले होते. शोएबुल्लाचे नाही. येत्या १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचे झेंडावंदन होईल, तेव्हा आपल्या मोहल्ल्यात आणि आपल्या चालवत्या शाळांत हे नाव मोठ्याने घेतले जावे. सुंदरलाल अहवालातले आकडेही त्याच भाषणात यावेत.